पन्नास रुपयांची निवड : आचार्य धर्मानंद कोसंबी

काही वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र सांगत होतो. कलकत्ता विद्यापीठातील दरमहा अडीचशे रुपयांची नोकरी सोडून त्यांनी बडोदे संस्थानाचे पन्नास रुपये स्वीकारले, या प्रसंगापाशी आलो असता मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि म्हणूनच तो आपल्या वसतिगृहात राहत होता. अडीचशे सोडून पन्नास कोणी घेतो काय, असे त्याने विचारले. आणि ज्याच्या घरी खायला आहे त्यालाच असले सुचत असेल, अशी पुस्तीही जोडली. वर्ग हसला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, हे घरी परतताना आम्हांस जाणवले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात ज्याच्या बापाची हाडे झिजतात, त्या मुलाने दरमहा दोनशे रुपयांचा हिशेब विचारला तर त्याला तो मिळाला पाहिजे. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. घरची नारळाची बागायत होती. श्रीमंती नसली तरी दोन वेळच्या अन्नाची भ्रांत नव्हती. प्रकृती नाजूक असल्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. कोवळ्या वयातच बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि बागेची देखरेख त्यांच्याकडे आली. नारळ पाडून घ्यावेत, गड्यांचा हिशेब ठेवावा, सणवार पाळावेत आणि तालुक्यातील इतर गृहस्थांप्रमाणे म्हातारे व्हावे, असा तो ठरून गेलेला मार्ग होता. त्या मार्गात वाईट असे काही नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे; कारण त्यागाची चरित्रे सांगताना मागे टाकलेले घर काळे रंगविण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे.

या तरुणाचे मन मात्र तेथे लागेना. तुकोबांच्या अभंगांनी त्याला वाचनाची गोडी लावली होती. पुढे ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धांचे संक्षिप्त चरित्र त्याच्या हाती पडले. हे मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालविलेले होते. बुद्धांची ओळख एका मराठी तरुणाला मिशनऱ्यांच्या मासिकातून व्हावी, यावरून ज्या भूमीत धम्म जन्मला त्याच भूमीत त्याचे किती विस्मरण झाले होते, याची कल्पना येते. ती चार पाने वाचून, मरण येण्यापूर्वी बुद्धांची शिकवण मुळातून समजून घ्यायचीच, असा ध्यास त्या तरुणाने घेतला. शिकवण कोठे मिळते, कोण शिकवितो, कोणत्या भाषेत आहे, याचा त्याला पत्ता नव्हता.

1899 च्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. त्या वेळी त्यांची कन्या माणिक तान्ही होती. येथे आम्ही थोडे थांबतो. सिद्धार्थ गौतमांच्या गृहत्यागाशी या प्रसंगाची तुलना करण्याचा मोह अनेक लेखकांना होतो. आम्हांला तो होत नाही. तेविसाव्या वर्षी नवरा निघून गेला आणि बाळाबाई तान्ह्या मुलीसह मागे राहिल्या. परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीला गावात काय काय ऐकून घ्यावे लागते, ते आपल्या वस्तीतील कोणतीही बाई सांगू शकेल. जवळजवळ सात वर्षे ती वाट त्यांनी पाहिली. कोसंबींच्या ध्येयाची किंमत फक्त त्यांनीच मोजली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्या किमतीचा मोठा वाटा त्यांच्या पत्नीने, कोणी न विचारता, भरला.

गोव्याहून ते पुण्याला आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींच्या आश्रयाने संस्कृत शिकू लागले. पाली शिकण्याआधी संस्कृत हवे आणि संस्कृतासाठी काशी हवी, म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले. तेथे अन्नछत्रात जेवायचे, गुरूंच्या घरी पाठ घ्यायचे आणि मिळेल तेथे निजायचे, असा क्रम सुरू झाला. सारस्वतांच्या ब्राह्मण्याविषयी शंका घेणाऱ्यांचा जाच त्यांनाही झाला. तरीही शेवटी एका अन्नछत्राचे दार उघडले आणि शास्त्र्यांनी पाठ दिला, हे विसरता येत नाही. आमच्या आजोबांनी त्याच वर्षी, त्याच तळमळीने काशीची वाट धरली असती तर काय झाले असते? छत्राच्या पायरीवरूनच त्यांना हाकलले असते. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात पुढे बालक भीमरावांना संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याग करायलाही आधी दारे उघडी असावी लागतात. त्या मुलाच्या प्रश्नातील हा भाग आम्ही पूर्णपणे मान्य करतो.

काशीहून कोसंबी 1902 मध्ये नेपाळास गेले. तेथे जिवंत बौद्ध धम्म भेटेल अशी त्यांची आशा होती. काठमांडूत त्यांना जे दिसले त्याने ती मावळली. पशूंचे बळी आणि कर्मकांड यांत धम्म हरवून गेला होता. एवढी पायपीट करून पदरी निराशा आल्यावर घरची बाग आठवली नसेल काय? परतण्यासारखे घर त्यांना होते. परंतु ते बुद्धगयेस गेले, तेथून कलकत्त्यास महाबोधी सभेकडे गेले आणि तिच्या साहाय्याने श्रीलंकेस पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या चरणी बसून त्यांनी पालीचा प्रारंभ केला आणि श्रामणेर दीक्षा घेतली.

या अभ्यासाचे कष्ट आज आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागतात. नागरी लिपीत त्रिपिटक तेव्हा उपलब्धच नव्हते. ग्रंथ होते ते सिंहली, ब्रह्मी किंवा सयामी लिपीत, नाहीतर युरोपीय पंडितांनी छापलेल्या रोमन लिपीत. म्हणजे भगवंतांचे वचन वाचण्यासाठी मराठी माणसाने आधी परक्या लिप्या गिरवायच्या, मग पाली शिकायची. कोसंबींनी सिंहली लिपी शिकून घेतली. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तेथली लिपीही आत्मसात केली, भिक्खू झाले, ध्यानसाधना केली. परदेशी अन्न न मानवल्याने प्रकृती बिघडली. भारतात परतून त्यांनी बौद्ध तीर्थक्षेत्रांची यात्रा केली व कुशिनारा पाहिली. 1956 मध्ये नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थवीर याच कुशिनाऱ्याचे, हे आपणांस ठाऊकच आहे.

1906 मध्ये कोसंबींनी चीवर उतरविले. हा प्रसंग भाविक लेखक घाईने ओलांडतात. आम्हांला मात्र तो त्यांच्या चरित्रातील महत्त्वाचा वाटतो. भिक्खू राहिले असते तर लंकेत किंवा ब्रह्मदेशात त्यांची उत्तम सोय झाली असती. विहार, उपासक, भोजनदान, मानसन्मान हे सारे होतेच. चीवरातही सुखवस्तूपणा असू शकतो. परंतु महाराष्ट्रात धम्म सांगायचा तर आपल्या माणसांत राहिले पाहिजे, कामे अंगावर घेतली पाहिजेत आणि विनयाचे नियम पाळून ते जमणार नाही, असे त्यांना दिसले. त्याच वर्षी ते गोव्यात जाऊन घरच्यांना भेटले आणि तुटलेला संसार पुन्हा जोडला. 1907 मध्ये पुत्र दामोदर जन्मला. हेच पुढे गणिती व इतिहासकार म्हणून जगविख्यात झालेले दा. ध. कोसंबी. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून त्यांचे ऋण आमच्यावर वेगळे आहे. तो विषय येथे नको.

कलकत्त्यात आधी राष्ट्रीय महाविद्यालयात आणि मग विद्यापीठात कोसंबी पाली शिकवू लागले. शाळेची पायरी नीट न चढलेला माणूस विद्यापीठात अध्यापक झाला होता. विद्यापीठ त्यांना ठेवून घेण्यास उत्सुक होते आणि वेतन अडीचशेपर्यंत नेण्यास तयार होते. त्या काळी अडीचशे रुपयांत कुटुंब सुखाने राहू शकत होते. त्याच सुमारास बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दुसरा प्रस्ताव आला. दरमहा पन्नास रुपये तीन वर्षे मिळतील. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि वर्षाला एक ग्रंथ संस्थानासाठी लिहून द्यावा. कोसंबींनी पन्नास रुपये घेतले. बंगालात पालीचे अध्यापन चालविणारे दुसरे लोक मिळाले असते. मराठीत बुद्ध सांगणारे मात्र कोणी पुढे येत नव्हते. केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र लिहिले होते हे खरे. पण मुळातील पाली वाचून लिहिणारा कोणी नव्हता.

आता या पन्नास रुपयांची दुसरी बाजू पाहू. याच सयाजीराव महाराजांनी काही वर्षांनी आणखी एका मराठी तरुणाला आधी दरमहा पंचवीस रुपये आणि मग 1913 मध्ये अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. तो तरुण म्हणजे आपले बाबासाहेब. दोघांवर एकाच राजाचे उपकार आहेत. दोघांच्याही हाती विद्यार्थिदशेत वा तारुण्यात बुद्धचरित्र पडले होते. बाबासाहेबांना तर ते 1907 च्या सुमारास केळुसकर गुरुजींनीच भेट दिले. परंतु कोसंबींना महाराष्ट्रात कोठेही राहण्याची मोकळीक होती आणि कोणत्याही शहरात त्यांना खोली मिळत होती. बाबासाहेब 1917 मध्ये शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे नोकरीसाठी बडोद्यास आले तेव्हा त्या राजधानीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकीत. एकाने सुख आपण होऊन सोडले. दुसऱ्याला ते सोडण्याइतके कोणी मिळूच दिले नाही. आणि तरीही पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी हाती आल्यावर बाबासाहेबांनी तीत स्वस्थ न बसता पैसे साठविले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. कोसंबींचे चरित्र आपल्या मुलांपुढे ठेवताना ही दोन चित्रे शेजारी ठेवावीत, असे आमचे मत आहे. नुसते एक चित्र ठेवले तर तो मागच्या बाकावरचा मुलगा बरोबर ठरतो.

महाराष्ट्रात येऊन कोसंबींनी काम सुरू केले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे छोटे पुस्तक अनेकांचे धम्माचे पहिले वाचन ठरले. पुण्यामुंबईच्या विद्वानांत त्यांचे नाव झाले आणि 1910 मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाच्या संपादनाचे काम हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केले होते. त्यांच्या निधनाने ते अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी कोसंबी गेले. तेथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा वाद झाला. काम कोसंबींचे आणि संपादक म्हणून श्रेय कोणाचे, असा तो वाद होता. आपल्या कामावर आपले नाव असावे एवढीच त्यांची मागणी होती. ती मान्य होत नाही असे दिसताच ते 1912 मध्ये परत आले. या मागणीला काहीजण अहंकार म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. पैसा सोडणाऱ्याने स्वाभिमानही सोडावा असे धम्मात कोठे सांगितले आहे?

परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात 1918 पर्यंत त्यांनी पाली शिकविली. डॉ. भांडारकरांच्या पाठिंब्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले होते. आता ती शिकविणारा माणूसही मिळाला. पु. वि. बापट आणि ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे पंडित या वर्गांतून तयार झाले. आज आपल्या मुलांना दहावीला पाली घेता येते, त्या वाटेवरील पहिली खडी येथे पडली. पुढे कोसंबी आणखी तीनदा हार्वर्डला गेले. 1918 च्या खेपेला माणिक आणि दामोदर यांना सोबत नेले. माणिक तेथील रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. तान्ही सोडलेली मुलगी बापाने सातासमुद्रापार नेऊन शिकविली, याची नोंद केली पाहिजे. बाळाबाई याही वेळी मागेच राहिल्या, याचीही.

मधल्या काळात अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ, रशियातील लेनिनग्राड, काशी असे त्यांचे फिरणे झाले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवासही पत्करला. कोणत्याही संस्थेत ते फार काळ टिकले नाहीत. एखाद्या ठिकाणी जम बसला की ते उठत. यामागे सारे ध्येयच होते असेही आम्ही म्हणणार नाही. त्यांचा स्वभावच काहीसा उठवळ आणि मानी होता, आणि घरच्यांना त्याचा त्रास झालाच असणार. गांधीजींशी असलेले त्यांचे नाते आमच्या काही मित्रांना खटकते. पुणे करारानंतर ते खटकणे स्वाभाविक आहे. परंतु ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ हा त्यांचा ग्रंथ वाचणाऱ्यास कळेल की ब्राह्मणी परंपरेची चिकित्सा करताना त्यांनी हात राखला नाही. माणसाचे मित्र पाहून त्याचे ग्रंथ नाकारू नयेत.

1937 मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. पैसा जुगलकिशोर बिर्ला यांनी दिला होता. हार्वर्डहून परतलेला पंडित साठीला आल्यावर गिरणीच्या भोंग्यांच्या आवाजात श्रमिकांना धम्म सांगू लागला. येवल्याची घोषणा होऊन तेव्हा दीड वर्षही उलटले नव्हते. परळच्या चाळींत राहणाऱ्या आपल्या माणसांच्या मनात धर्मांतराचे विचार घोळत होते. हे काम फार वर्षे चालले नाही आणि त्यातून मोठी चळवळ उभी राहिली नाही. यशापयशाच्या हिशेबात ते अपयशातच जमा होईल. त्यांचे ग्रंथ मात्र राहिले. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात आणि मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बोधिसत्त्व’ या नाटकात त्यांनी रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहून झालेल्या गृहत्यागाची दंतकथा बाजूला सारून शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याकडे लक्ष वेधले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी हाच तंटा गृहत्यागाच्या मुळाशी मांडला, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

शेवटची वर्षे आजारपणाची गेली. मधुमेहाने शरीर खंगले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा अभ्यास करताना त्यांच्या मनात उपोषणाने देह ठेवण्याचा विचार रुजला. शरीर आता कोणाच्या उपयोगी नाही, मग त्याचा भार दुसऱ्यांवर का, असे त्यांचे म्हणणे होते. एकदा गांधीजींच्या विनंतीवरून त्यांनी उपोषण सोडले. नंतर सेवाग्राम येथे पुन्हा अन्न वर्ज्य केले आणि 4 जून 1947 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. हा शेवट आम्हांला पटत नाही. तथागत ऐंशीव्या वर्षी, शरीर जर्जर झाले असतानाही, अखेरच्या क्षणापर्यंत शिकवीत राहिले. आजारी माणूस कोणावर भार नसतो. भिक्खूंनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूची सेवा भगवंतांनी स्वतःच्या हातांनी केली होती. वर्गात कोसंबींचे चरित्र सांगताना हे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

आता त्या मुलाच्या हिशेबाकडे परत येतो. अडीचशेतून पन्नास वजा केले की दोनशे उरतात. ते दोनशे दरमहा कोठे गेले, हे आम्हांला आमच्याच घरी सापडले. आमच्या वडिलांची एक पत्र्याची पेटी होती. त्यांनी 1956 मध्ये नागपूरला दीक्षा घेतली आणि गावी परतले तेव्हा नवा धर्म होता, बावीस प्रतिज्ञा होत्या, पण वाचायला काही नव्हते. सालदाराच्या मुलाने, सातवी शिकून प्राथमिक शिक्षक झाल्यावर, पगारातून पैसे वाचवून जी पहिली पुस्तके विकत घेतली त्यांत कोसंबींचा ‘भगवान बुद्ध’ होता. पुठ्ठा निखळलेले ते पुस्तक कंदिलाच्या उजेडात वाडीतल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखविले जाई. लंकेत आणि ब्रह्मदेशात परक्या लिप्या गिरवून जे मिळविले ते आमच्या वस्तीला मराठीत आयते मिळाले.

‘विसुद्धिमग्ग’ची नागरी प्रत कोसंबींनी 1940 मध्ये भारतीय विद्या भवनातर्फे स्वतःच प्रसिद्ध केली. हार्वर्डची प्रत 1950 मध्ये निघाली. तिच्यावर वॉरन यांच्या नावासोबत कोसंबींचे नाव आहे. ते पाहायला ते हयात नव्हते. त्यांनी केलेले ‘सुत्तनिपात’चे मराठी भाषांतर 1955 मध्ये, दीक्षेच्या आदल्या वर्षी, छापून निघाले.

तो मुलगा बारावीनंतर आयटीआय करून एका कारखान्यात लागला. पहिल्या पगारात त्याने आईवडिलांची उचल फेडली आणि त्या वर्षी त्यांना ऊसतोडीला जाऊ दिले नाही. गेल्या वर्षी तो शाळेत आला तेव्हा आम्ही त्याला हा हिशेब सांगितला. त्याने ऐकून घेतले. मग ग्रंथालयात जाऊन ‘भगवान बुद्ध’ हाती घेतले, कपाटाजवळ उभ्यानेच चाळले आणि, आता तो आपला विद्यार्थी नसल्यामुळे, पुस्तक घरी नेता येईल काय असे विचारले. नियमात ते बसत नव्हते. आम्ही आमच्या नावावर ते लिहून दिले. पुस्तक अजून परत आलेले नाही.